चिलखत ठोकायचं की शिवायचं?

कॉमिक कॉनच्या गर्दीत एखादा पांढराशुभ्र स्टॉर्मट्रूपर किंवा लाल-सोनेरी आयर्न मॅन समोर आला की दोन शंका हमखास येतात. पहिली म्हणजे, एवढं लोखंड अंगावर घेऊन हा पोरगा सकाळपासून उभा कसा? हिचं उत्तर सोपं आहे. लोखंड कुठेच नाही. लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर एकमेकांत अडकवून पसरतात त्या मॅटचा फोम, चप्पल-बुटांच्या कामात वापरतात ते सोल्युशन आणि वरून रंग, एवढाच सगळा ऐवज. दुसरी शंका जरा अवघड आहे आणि हा लेख तिच्यासाठी आहे. फोम मिळतो सपाट. माणसाचं धड सपाट नसतं. छातीला फुगवटा असतो, खांद्याकडे ती वळते, काखेपाशी आत जाते, कमरेशी निमुळती होते. मग सपाट तुकड्यातून हा घाट येतो कुठून?

घरच्या घरी विज्ञानकथेतल्या पात्राचं चिलखत करायला बसणारे बहुतेक जण धडापाशीच अडतात. दंडाचं, पोटरीचं आवरण पटकन होतं, कारण ती गुंडाळी असते. छातीचं होत नाही. मग दोष कटरला दिला जातो, फोमला दिला जातो, गरम हवा फेकणाऱ्या स्वस्तातल्या हीट गनला दिला जातो. खरी अडचण भूमितीची असते.

## आधी कागद गुंडाळून बघा

जुनं वर्तमानपत्र घ्या आणि पोटाभोवती गुंडाळा. एकही सुरकुती न पडता ते बसेल. आता तोच कागद छातीवरून खांद्यापर्यंत चापून बसवायचा प्रयत्न करा. एक कडा बसली की दुसरी उचलते, ती दाबली की मधे चुण्या पडतात. जास्त जोर लावला तर कागद फाटतो.

यामागचं कारण जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १८२७ साली सिद्ध करून ठेवलं आहे. सोप्या भाषेत ते असं: पृष्ठभाग न ताणता, न आकसता, न फाडता वाकवला तर त्याची एक अंगभूत वक्रता कायम राहते. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असते. नळकांड्याचीही शून्यच, कारण ते एकाच दिशेने वळलेलं असतं; आडवं वळतं, पण उभ्या रेषेत सरळ असतं. म्हणून कागदाचं नळकांडं होतं. चेंडूचा किंवा छातीचा पृष्ठभाग मात्र एकाच ठिकाणी दोन्ही दिशांनी वळतो. तिथली वक्रता शून्य नसते आणि नुसतं वाकवून ती आणता येत नाही. कितीही कुशल कारागीर असला तरी येत नाही.

म्हणजे रस्ते दोनच उरतात. एक तर सपाट तुकडा ताणायचा, नाही तर तो कापून जोडायचा.

## ताणायचा रस्ता: सिनेमावाल्यांचा

पहिला रस्ता मोठ्या स्टुडिओंनी धरला. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'मधले स्टॉर्मट्रूपर घ्या. रेखाटनं राल्फ मॅक्वारी यांची, वेशभूषा जॉन मोलो यांची (त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं), आणि अंगावरच्या चिलखताचे भाग शिल्पकार ब्रायन मुइर यांनी मातीत घडवले. त्या घाटावरून साचे झाले आणि साच्यांवर प्लॅस्टिकचे पातळ पत्रे ओढले गेले. या पद्धतीला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. पत्रा चौकटीत पकडून तापवतात, मऊ होऊन तो झोळ धरू लागला की साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात. वरच्या हवेचा दाब पत्र्याला साच्याच्या खाचाखोचांत दाबून बसवतो. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे पातळ डबे आणि ट्रे याच जातीच्या प्रक्रियेने बनतात.

इथे गाउस यांचा नियम मोडत नाही, त्याची अट मोडते. पत्रा ताणला जातो. जिथे जास्त ताणला तिथे तो पातळ पडतो, म्हणून छातीच्या उंचवट्याच्या उतारांवर आणि कोपऱ्यांत असं चिलखत आधी तडकतं. घरात व्हॅक्यूम क्लीनर, भोकं पाडलेलं लाकडी खोकं आणि मोठा ओव्हन वापरून हे करणारे हौशी लोक आहेत. पण धडाएवढा पत्रा सगळीकडे सारखा तापवणं, आधी पूर्ण आकाराचा साचा घडवणं आणि तो पुन्हा सोडवून घेणं हा एका सूटसाठी आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दहा जणांना मिळून दहा सूट हवे असतील तरच परवडतो.

जाता जाता याच चिलखताच्या नशिबात आलेल्या कोर्टकचेरीबद्दल. मूळ भाग प्लॅस्टिकमध्ये ओढणारे अँड्र्यू एन्सवर्थ पुढे आपल्याकडच्या साच्यांवरून त्यांच्या प्रती विकू लागले. लुकासफिल्मने दावा लावला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट हे कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही, ती सिनेमात वापरायची वस्तू आहे. त्यामुळे शिल्पाला मिळणारं दीर्घ मुदतीचं संरक्षण तिला नाही. हौशी मंडळी या वादाच्या कडेकडेने चालतात. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेली '५०१वी लीजन' ही संघटना अशा हौशींची सर्वांत प्रसिद्ध फौज. तिचे सदस्य आपापलं चिलखत घालून रुग्णालयांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत जातात, त्यासाठी मानधन घेत नाहीत.

## कापायचा रस्ता: शिंप्याचा

दुसरा रस्ता आपल्या घराघरांत शिलाई मशीनवर बसलेला आहे. साधं कापडही सपाटच असतं आणि ब्लाउजला छातीचा घाट द्यायचा असतो. शिंपी काय करतो? टक्स घालतो. कापडाची एक पाचर चिमटीत धरून शिवून टाकतो, म्हणजे तेवढं कापड तिथून नाहीसं होतं आणि उरलेलं वर उचललं जातं. कटोरी ब्लाउजमध्ये तर कटोरीचा तुकडाच वेगळा कापतात आणि त्याची गोल कड बाकीच्या भागाला जोडतात. घाट त्या शिवणीतून येतो. प्रिन्सेस कटमध्ये शिवण खांद्यापासून किंवा काखेपासून थेट कमरेपर्यंत उतरते आणि टक्स तिच्यातच लपतात. फोमचं चिलखत म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या कापडाचा प्रिन्सेस कट आहे. ज्यांच्या घरात कुणी ब्लाउज शिवतं, त्यांनी यूट्यूबच्या आधी त्यांना विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचर किती मोठी काढायची? इथे अंदाज दगा देतो, म्हणून पुठ्ठ्यावर एक प्रयोग करा. १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापा. त्यातून केंद्रापासून कडेपर्यंत १० अंशांची पाचर कापून काढा आणि कडा जुळवून चिकटपट्टी लावा. मध्यबिंदू साडेतीन सेंमी वर येईल. हीच पाचर ३० अंशांची घेतली तर तो जवळजवळ ६ सेंमी वर येतो. म्हणजे पहिल्या १० अंशांनीच अर्ध्याहून जास्त उंची दिली, पुढच्या २० अंशांनी उरलेली. बारीक पाचरही भरपूर घाट देते आणि म्हणूनच कापताना दोन-तीन मिलिमीटरची चूक छातीवर ठळक दिसते. एक मोठी पाचर काढली की टोकदार शंकू मिळतो. तेवढीच कपात तीन-चार बारीक पाचरांत विभागली की फुगवटा गोल होतो. आयर्न मॅनच्या छातीवर ज्या असंख्य रेषा आणि पट्ट्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच रेषांखाली घरी बनवणाऱ्याला आपले जोड दडवता येतात.

नवशिक्याने पात्र निवडताना हे लक्षात ठेवावं. 'द मँडलोरियन'मधल्या नायकाचं चिलखत म्हणजे कापडी पेहरावावर बसवलेल्या सुट्या, बेताच्या बाकाच्या ढालपट्ट्या. त्यात चूक झाकली जाते. स्टॉर्मट्रूपरची छाती एकसंध, गुळगुळीत आणि पांढरी. तिथे जोडाची एक रेघसुद्धा लपत नाही. दिसायला साधं तेच करायला कठीण आहे.

## अंगाचा साचा अंगावरूनच

पाचरा कुठे हव्यात हे डोक्याने ठरवायची गरज नाही, शरीर स्वतःच सांगतं. त्यासाठीची युक्ती अशी. जुना टी-शर्ट घाला, त्यावर स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिकचा थर गुंडाळा आणि दुसऱ्या माणसाकडून वरून मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावून घ्या. लावताना श्वास नेहमीसारखा चालू असावा, टेप ओढून लावू नये आणि गळ्याशी तर अजिबात जाऊ नये. या कवचावर मार्करने चिलखताच्या रेषा आखा: मधली उभी रेघ, छातीच्या पट्टीची खालची कड, काखेची गोलाई, खांद्याचा पट्टा. आखून झालं की बोथट टोकाच्या कात्रीने पाठीमागून कापून कवच उतरवा.

पुढे खरी मजा आहे. आखलेल्या रेषांवरून कवच कापा आणि प्रत्येक तुकडा टेबलावर सपाट करायला जा. काही तुकडे गुमान पडतील. जे उचलून राहतील त्यांच्या कडेपासून उंचवट्याच्या दिशेने एक चीर द्या. चीर दिली की तुकडा टेबलावर पसरतो आणि चिरेच्या जागी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची फट उघडते. ती फट हीच तुमची पाचर, अगदी बरोबर मापाची. चीर देण्याआधी तिच्या आरपार दोन-तीन आडव्या खुणा करून ठेवा, म्हणजे पुढे फोममध्ये कोणती खूण कोणत्या खुणेला भिडवायची ते कळतं. आणि साचा अर्ध्याच अंगाचा काढा. कुणाचीही डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, पण चिलखताची असली पाहिजे, म्हणून दुसरा अर्धा उलटा ठेवून काढायचा.

हेच काम संगणकावर करणारं 'पेपाकुरा डिझायनर' नावाचं जपानी सॉफ्टवेअर आहे. ते त्रिमितीय आकृतीचे त्रिकोण-चौकोन करून कागदावर पसरून देतं. सोय मोठी आहे, पण ते आकृती उलगडतं, तुमचं अंग मोजत नाही. पोट सुटलेल्या माणसाला पडद्यावरच्या नायकाचा साचा छापून दिला की काय होतं ते सांगायला नको.

## जाडी आणि श्वास

कापडाच्या शिवणकामात जाडी धरायची नसते. फोममध्ये धरावी लागते. टी-शर्टवरून छातीचा घेर ९५ सेंमी आहे आणि फोम १० मिमी जाडीचा आहे असं समजा. फोम वळवल्यावर आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते. मापाला खरी राहते ती मधली रेषा. ती अंगापासून अर्धा सेंमी दूर असते, म्हणून तिचा घेर दोन गुणिले पाय गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३ सेंमी जास्त. फोम ९५ नव्हे, ९८ सेंमीचा हवा. अंग वर्तुळाकार नसलं तरी हा हिशेब तोच राहतो. त्यात श्वास मिळवा: निरोगी प्रौढ माणसाची छाती पूर्ण श्वासात साधारण ५ सेंमी फुगते. हे ५ सेंमी फोममध्ये घालू नयेत, नाही तर श्वास सोडल्यावर चिलखत लोंबतं. ते बगलेखाली पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये फट ठेवून इलॅस्टिकच्या पट्टीला द्यावेत.

श्वासापेक्षाही जास्त घोळ हालचालीत होतो. हात पुढे घेतले की पाठीचे दोन्ही पंखे एकमेकांपासून लांब सरकतात आणि छातीपुढची जागा अरुंद होते. म्हणून आरशासमोर सरळ उभं राहून काखेची गोलाई ठरवली की ती नेहमी कमी पडते. दोन्ही हात छातीशी जुळवून, नमस्कार करून ती आखावी. बसल्यावर बरगड्या आणि कमरेचं हाड जवळ येतात. पोटापर्यंत एकसंध चिलखत केलं तर बसताना त्याची वरची कड हनुवटीत घुसते.

खऱ्या चिलखतांनी हे प्रश्न शतकांपूर्वी सोडवले होते. युरोपातलं पोलादी वक्षत्राण नैसर्गिक कमरेशी थांबायचं आणि खाली एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्या असायच्या. रोमन सैनिकांचं पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत आतून चामड्याच्या वाद्यांवर बसवलेलं असे. इराणमध्ये आणि मोगल हिंदुस्थानात 'चार आईना' होता: छाती, पाठ आणि दोन्ही बगला यांच्यासाठी चार वेगळे पोलादी पत्रे, बगलेच्या पत्र्यांना हातासाठी वरून कापलेली गोलाई, आणि सगळं पट्ट्यांनी एकमेकांना जोडून साखळीच्या चिलखतावर बांधलेलं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं म्हणून ओळखलं जाणारं पोलादी वक्षत्राण आहे. चिलखत करायला घेणाऱ्याने त्याच्यावरची सोनेरी नक्षी बघून झाली की कडा कुठे थांबल्यात तेही जरूर बघावं. स्टॉर्मट्रूपरचं धडही छाती, पाठ, पोट, कंबर असं तुकड्यातुकड्यांचंच आहे, आणि हे तुकडे चाहते आतून इलॅस्टिक, टिचबटणं आणि वेल्क्रोने बांधतात.

## फोम तापवला की काय होतं

हा फोम ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचा असतो. इथिलीन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट या दोन रसायनांच्या साखळ्यांतून ते बनतं. साखळ्यांतले इथिलीनचे लांब तुकडे शेजारी शेजारी रचून बसतात आणि अतिसूक्ष्म स्फटिक तयार करतात. ते फोमला आकार धरायला लावतात. व्हिनाइल अ‍ॅसिटेट ही रचना बिघडवतं, त्यामुळे मऊपणा येतो. फोम बनवताना या साखळ्या अधूनमधून एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात. त्यात हवेचे लाखो बंद कप्पे, म्हणून तो हलका आणि पाणी न शोषणारा.

स्फटिक साधारण ७० ते ९० अंश सेल्सियसदरम्यान वितळतात. हीट गन फिरवली की नेमकं हे होतं. स्फटिक सुटतात, फोम लुळा पडतो, पण साखळ्यांचे कायमचे जोड शाबूत असल्यामुळे तो वितळून वाहत नाही. या अवस्थेत मांडीवर किंवा गोल डब्यावर वाकवून थंड होईपर्यंत धरला की नव्या आकारात नवे स्फटिक तयार होतात आणि तो आकार कुलूपबंद होतो. जुने जोड त्याला थोडं मागे ओढतात, म्हणून हवा त्यापेक्षा जरा जास्तच वाकवावा. गरम फोम थोडा ताणलाही जातो, तेव्हा अगदी बेताचा फुगवटा पाचरेशिवाय अंगठ्यांनी दाबून आणता येतो. छातीएवढा मात्र नाही.

उष्णतेची आणखी दोन कामं आहेत. कापल्याने उघडे पडलेले हवेचे कप्पे तिच्यामुळे आकसून मिटतात, पृष्ठभागाला किंचित तकाकी येते आणि नंतर रंग कमी पितो. दुसरं काम मला सगळ्यांत देखणं वाटतं. पृष्ठभागावर कटरने जाडीच्या निम्म्यापर्यंत एक रेघ ओढा. आधी ती दिसतही नाही. गरम हवा लागली की वरचा थर आकसतो आणि रेघेचे दोन ओठ उघडून सुबक खाच तयार होते. यंत्राच्या भागांमधल्या वाटाव्यात अशा सगळ्या रेषा अशाच मिळतात.

कटरबद्दल एवढंच: पातं नवं हवं आणि एका घावात कापायचा हट्ट नको. दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवावं. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं. पातं सरळ उभं धरलं की जोड सपाट बसतो. दोन्ही कडा ४५ अंशांत कापल्या की काटकोनी धार मिळते. जोडाचा कोन कापतानाच ठरतो, चिकटवताना नव्हे.

## चिकट, पण ओला नसताना

फोमला पांढरा फेविकॉल जोडकामासाठी निरुपयोगी आहे, कारण तो पाणी सुकून धरतो आणि बंद कप्प्यांच्या फोममधून पाण्याला वाट नसते. लागतो तो फेविकॉल एसआरसारखा सिंथेटिक रबराचा गोंद. अशा गोंदांत बहुधा पॉलिक्लोरोप्रीन नावाचं रबर द्रावकात विरघळवलेलं असतं. तो दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण १० ते १५ मिनिटं, थांबायचं. बोटाला न चिकटण्याइतका सुकला की कडा भिडवायच्या. द्रावक उडून गेलेला असतो, आणि दोन्हीकडचे रबराचे थर भेटताच त्यांच्या साखळ्या एकमेकींत घुसतात. पकड तत्काळ बसते आणि मागे फिरायला वाव राहत नाही. म्हणूनच साच्यावरच्या आडव्या खुणांना इतकं महत्त्व. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी एक कड उरते, असा अनुभव सगळ्यांना येतो. दोन्ही टोकं आधी, मग मध्य, मग उरलेलं, असं जोडलं की चुकीचा एखादा मिलिमीटर सगळीकडे वाटला जातो.

चौकट: जरा जपून

एसआरमधल्या द्रावकाची वाफ डोकं धरवते, दीर्घकाळ घेतली तर अपाय करते आणि पेट घेते. गॅलरीत किंवा उघड्या गच्चीवर काम करा; जवळ देवघरातली समई नको आणि हीट गनही नको. एन-९५ मास्क घासताना उडणारी धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो. फोम तापवताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो जळू लागला आहे, हीट गन लांब न्या. थर्मोकोलवर एसआर किंवा स्प्रे पेंट वापरू नका, द्रावक थर्मोकोल विरघळवून टाकतो. लहान मुलांना मापं घेऊ द्या, आखू द्या, रंगवू द्या. कटर आणि हीट गन मोठ्यांच्या हातात.

## लोखंड दिसावं म्हणून

डोळा वजन कशावरून ओळखतो? बऱ्याच अंशी कडेवरून. १० मिमीच्या फोमची उघडी कड पुठ्ठ्यासारखी दिसते. तिच्यावर ५ मिमीची एक पट्टी किनारीने बसवली आणि धार घासून थोडी गोल केली की अख्खा तुकडा जड भासतो. दुसरी खूण प्रकाशाची. धातूवर प्रकाश एका जागी चमकतो, फोमची छिद्रं तो सगळीकडे विखुरतात. म्हणून आधी छिद्रं बुजवावी लागतात. पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे चार-पाच हात देणं हा स्वस्त उपाय. इथे तो चालतो, कारण उघड्यावर तो सुकू शकतो. घामाने आणि पावसाने मात्र तो मऊ पडतो. फवारून लावायचा रबरी लेप महाग, पण टिकाऊ.

गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी किंवा कडक एनॅमल इथे का चालत नाही, तेही हिशेबाने कळतं. १० मिमीचा फोम १० सेंमी त्रिज्येत वाकला की बाहेरचा पृष्ठभाग जाडी भागिले दुप्पट त्रिज्या, म्हणजे ५ टक्के ताणला जातो. कडक रंगाला इतका ताण सोसत नाही, तो तडकतो. अ‍ॅक्रिलिक रंग लवचीक असतो, तो सोसतो. काळा थर, त्यावर धातूचा रंग, खाचांत पुन्हा पातळ काळा आणि तो लगेच पुसून घ्यायचा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त धारांवर चंदेरी. खरा पत्राही धारांवरच झिजतो, म्हणून डोळा फसतो.

## अंगावर दिवसभर

सगळं जमून आल्यावर वजन किती होतं? धडाला सुमारे ०.६ चौरस मीटर फोम लागतो असं धरा. घनमीटरला १०० किलोच्या आसपासचा दाट फोम घेतला तर १० मिमी जाडीत ६०० ग्रॅम. एवढ्याच क्षेत्रफळाचा २ मिमी पोलादी पत्रा साडेनऊ किलोच्या आसपास भरेल. त्यामुळे खांद्याचे पट्टे तुटतील अशी भीती नको. ते सरकतील याची काळजी घ्या: खांद्यावर रुंद पट्टे, बगलेत शाळेच्या दप्तराला असतात तसली क्लिपची बकलं, आणि चिकटवलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या टोकावर फोमचा आणखी एक तुकडा, म्हणजे ओढ एका रेषेवर न येता पसरते.

खरा शत्रू घाम आहे. बंद कप्प्यांचा फोम उष्णता अडवतो आणि वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे घाम येतो पण सुकून गारवा देत नाही. मुंबईच्या दमट हवेत तासाभरात चक्कर येण्याची वेळ येते. गळ्याशी आणि कमरेशी फट ठेवा. पाठीच्या वरच्या बाजूला पॉवर बँकेवर चालणारा छोटा ५ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा, म्हणजे थंड हवा खालून आत ओढली जाते. सोबत एक माणूस हवाच, पाण्याची बाटली धरायला आणि पाठीमागची बकलं सोडवायला. अशा वेशांची सुरुवात जिथे झाली असं मानतात त्या १९३९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस यांनी स्वतःसाठी आणि सोबती फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्यासाठी भविष्यातले पोशाख शिवले होते. कापडाचे होते, तेव्हा निदान वारा तरी लागत असणार.

परत आल्यावर चिलखत आतून ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि छातीत उशी किंवा जुने कपडे भरून उभं ठेवा. सपाट दाबून ठेवलं तर घाट हळूहळू उतरतो. आणि गाडीत विसरू नका. मे महिन्याच्या उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा ५०-६० अंशांपर्यंत जाते, डॅशबोर्ड त्याहून तापतो, आणि आपल्या फोमचे स्फटिक ७० अंशांच्या आसपास सुटू लागतात. एसआरचे जोड तर त्याच्याही आधी ढिले पडू शकतात. घरी पोचलात की आधी ते डिकीतून बाहेर काढा, मग चहा घ्या.